तारीख कुणी टाकायची?

हिवरखेडच्या ओसरीवर बसलं की उत्तरेला सातपुड्याची निळी कड दिसते. त्या डोंगरातून वान नदी उतरते, वारी भैरवगडापाशी हनुमान सागर धरणात थांबते आणि मग नळावाटे अकोट-तेल्हाऱ्याकडे, खारपाणपट्ट्यातल्या खेड्यांकडे जाते. दक्षिणेला पूर्णेकडे जावं तसं विहिरीचं पाणी खारं होत जातं. त्यामुळे पाणी किती आणि कुणाला, यावर या भागात मोर्चे निघतात. पाणी कसं, याची चर्चा मात्र ओसरीच्या बाहेर फारशी जात नाही.

पुढचा संवाद अशाच एका ओसरीवरचा आहे. माणसं कल्पित आहेत. कायदे, निकाल आणि आकडे खरे आहेत. मामा पायथ्याच्या एका ग्रामपंचायतीत जलसुरक्षक होते. पाणी निर्जंतुक करायला विहिरीत टीसीएल पावडर टाकणं, नळाच्या पाण्यात क्लोरीन उतरला की नाही ते ओटी तपासणीने पाहणं, नमुने प्रयोगशाळेत धाडणं, यात त्यांची उमर गेली. त्यांचं वावर गावाखालच्या नाल्याला लागून आहे. गावाचं नाव मुद्दाम घातलेलं नाही, कारण असा नाला एकाच गावाला नसतो. भाची अकोटच्या कोर्टात वकिली करते. दिवाळीची ती आली, मामा रिवाजाप्रमाणे तिच्या पाया पडले आणि चहा यायच्या आत वाद सुरू झाला.

मामा : मले एक सांग माय. नाल्यात कोणी जहर सोडलं तर त्याले आत टाकायचं का नाई? आता म्हणे कायदाच बदलला. जेल काढली आन् पावती आणली. म्हणजे पैसे भरा आन् खुशाल घाण सोडा!

भाची : मामा, जेल होती तेव्हा किती जणांना आत जाताना पाहिलं तुम्ही?

मामा : एकालेही नाई.

भाची : आपल्या राज्याने देशाच्या आधी, १९६९ मध्येच, पाण्याच्या प्रदूषणाचा कायदा केला. १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ आलं. केंद्राचा कायदा १९७४ चा. त्यात दुरुस्तीनंतर नियमबाह्य सांडपाणी सोडल्याबद्दल किमान दीड वर्ष आणि जास्तीत जास्त सहा वर्षं कैद लिहिलेली होती. पण फौजदारी खटला म्हणजे गुन्हा संशयाला जागा न ठेवता सिद्ध करायचा. साक्षीदार फिरतो, अधिकाऱ्याची बदली होते, तारखा पडत राहतात. तोवर नाला वाहतोच आहे.

मामा : सिद्ध काय करायचं त्यात? बाटली भरा आन् दाखवा. मी तर जन्मभर बाटल्याच भरल्या.

भाची : तुमची बाटली कोर्टात चालत नाही. कलम २१ मध्ये नमुना कसा घ्यायचा ते ठरलंय. कारखानदाराला तिथल्या तिथे लेखी सूचना द्यायची, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्हींवर सील आणि सह्या घ्यायच्या, मग मान्यताप्राप्त प्रयोगशाळा. यातली एक पायरी चुकली तरी तो अहवाल पुरावा म्हणून उभा राहत नाही.

मामा : म्हणजे चोराले आधी आवाज द्या, का बाबा, आम्ही येऊन राह्यलो.

भाची : तसंही नाही. उद्या कोणी खुन्नस म्हणून कारखान्याच्या नावावर गटारातली बाटली भरली तर? अट चांगल्यासाठी आहे, पण तिच्यामुळे खटले पांगळे होतात. म्हणून दिवाणी दंडाचा रस्ता. कोर्टाची वाट न पाहता नियंत्रक यंत्रणेनेच दंड ठरवायचा, दिवसाच्या हिशेबाने.

मामा : आन् तो ठरवते कोन? ज्याच्या मनात येईल तो?

भाची : नाही, सूत्र आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ते दिलंय. पाच आकड्यांचा गुणाकार. पहिला आकडा कारखान्याच्या रंगाचा : लाल वर्ग ८०, नारिंगी ५०, हिरवा ३०.

मामा : रंग! आमच्या पान्याले बी रंग होते. वर्षातून दोनदा सर्वेक्षण व्हायचं, मग ग्रामपंचायतीले लाल, पिवळं नाई तर हिरवं कार्ड भेटायचं. लाल आलं का सरपंच माह्यावर ओरडे. पुढं?

भाची : दुसरा आकडा नियम मोडलेल्या दिवसांचा. तिसरा रुपयांचा, १०० ते ५०० च्या मध्ये, साधारण २५० धरतात. चौथा कारखान्याच्या आकाराचा : लहानाला अर्धा, मध्यमाला एक, मोठ्याला दीड. पाचवा जवळच्या वस्तीचा. दहा लाखांच्या आत लोकवस्ती असली तर एक, पुढे तो वाढत जातो. आता धरा, नारिंगी वर्गातला लहान कारखाना आहे. ५० गुणिले २५० गुणिले अर्धा. दिवसाला ६,२५० रुपये. महिनाभर चाललं तर १,८७,५०० रुपये.

मामा : आन् मोठा कारखाना, लाल?

भाची : दिवसाला ३०,०००.

मामा : झालं मंग! ज्याचा रोजचा धंदाच लाखोचा, तो ते ३०,००० खर्चात धरन. सांडपानी शुद्ध करायच्या यंत्राले वीज लागते, रसायन लागते, माणूस लागते. दंड स्वस्त पडला का यंत्र बंद. रस्त्यावर टोल भरतो तसा नाल्याचा टोल. आन् जवळ वस्ती कमी म्हून दंड कमी? खेड्याचं पानी शहरापेक्षा सस्तं हाये का? माह्या इहिरीवर दोनच घरं पितेत, म्हणजे आमचे जीव अर्धे?

भाचीला याचं उत्तर लगेच सुचलं नाही. वस्तीचा आकडा किती लोकांना धोका आहे ते दाखवतो, हे तिला माहीत होतं. पण आपल्या गावाचा गुणक कायम एकच राहणार, हे ऐकणाऱ्याला कसं लागतं, तेही तिला दिसत होतं.

भाची : मोठ्यांच्या बाबतीत तुमचं म्हणणं कोर्टातही गाजलंय. राष्ट्रीय हरित लवादाने खानदेशातल्या एका रसायन कंपनीला तिच्या उलाढालीकडे बघून २५ कोटींचा दंड लावला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये तो रद्द केला. म्हणाले, कंपनी किती कमावते याचा आणि तिने किती घाण केली याचा असा थेट संबंध जोडता येत नाही.

मामा : कायद्याले बरोबर असन. पन हिसाबाले नाई. गरिबाले पाचशे रुपये लागतेत, श्रीमंताले पाच लाखही लागत नाई.

भाची : म्हणूनच दंडासोबत दुसरं हत्यार असतं. कलम ३३-अ. १९८८ च्या दुरुस्तीने आलं. मंडळ कारखाना बंद करायला सांगू शकतं, वीज तोडायला सांगू शकतं, पाणी तोडायला सांगू शकतं. ते टोलमध्ये बसत नाही.

मामा : हां, वीज तोडली का कळते.

भाची : गंमत म्हणजे, याच कलमाखाली मंडळाला नुकसानभरपाईही घेता येते का, यावर वर्षानुवर्षं घोळ होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितलं, नाही येत. ४ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने लोधी प्रॉपर्टीच्या प्रकरणात सांगितलं, येते. मंडळ भरपाई घेऊ शकतं, इतकंच नाही तर पुढचा धोका दिसत असेल तर आधीच बँक गॅरंटीही मागू शकतं. फक्त त्यासाठी नियम हवेत, समोरच्याचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं, आणि पर्यावरणाची खरोखर हानी झालेली किंवा होणार असल्याचं दिसायला हवं. शिक्षा वेगळी आणि भरपाई वेगळी, हा भेद त्या निकालात आहे.

मामा : हे बरं हाये. शिक्षा म्हणजे 'तू वाईट', भरपाई म्हणजे 'तू जे मोडलं ते नीट कर'. आता सांग, तो नवा कायदा, जेल काढणारा?

भाची : दोन आहेत. पर्यावरण संरक्षण कायदा बदलला, तो १ एप्रिल २०२४ पासून देशभर. पाण्याचा कायदाही २०२४ मध्ये बदलला, पण तो आधी हिमाचल, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांना. बाकीच्या राज्यांनी विधिमंडळात ठराव करून तो स्वीकारायचा असतो. दोन्हींत बहुतेक ठिकाणी कैदेऐवजी १०,००० ते १५ लाख रुपये दंड आहे. दंड मुदतीत भरला नाही तर मात्र तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे जेल दाराबाहेर उभी आहे.

मामा : आन् दंड लावते कोन? आमचा तहसीलदार?

भाची : न्यायनिर्णय अधिकारी. त्याचा दर्जा केंद्राच्या सहसचिवापेक्षा किंवा राज्याच्या सचिवापेक्षा खाली चालत नाही.

मामा : सचिव! मुंबईचा! आमचा नाला कोठी, मंत्रालय कोठी. मंडळाच्या अकोल्याच्या ऑफिसात जायचं तरी माहा दिवस मोडते. चुलीवर दूध उतू गेलं तर पोट्टी धावत येते, मुंबईवरून कोन येईल?

भाची : इथे मी तुमच्या बाजूने आहे. दंड करणारा हात नाल्याजवळ हवा. अमेरिकेत १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्यानंतर एक पद्धत बसली. शहराची सांडपाणी यंत्रणा गावातल्या कारखान्यांना स्वतः परवाना देते, त्यांच्या पाइपावर नमुने घेते आणि दंडही लावते. कारण कारखान्याचं जहर शेवटी तिच्याच शुद्धीकरण केंद्रात येतं, तिचंच यंत्र बिघडवतं. आणि कॅलिफोर्नियात काही ठराविक उल्लंघनांना किमान ३,००० डॉलर दंड लावावाच लागतो. साहेबाला 'यावेळी सोडून देतो' म्हणता येत नाही.

मामा : हे मले आवडलं. सोडून द्यायचा अधिकार काढला का चिरीमिरीही गेली. मंग आपल्याकडं काहून नाई? हिवरखेडची एवढी मोठी ग्रामपंचायत, तिची नगरपरिषद झाली. द्या तिले अधिकार.

भाची : कारण आपल्याकडे नगरपालिका आणि ग्रामपंचायती पोलीस कमी आणि आरोपी जास्त आहेत. रस्त्यावर कचरा टाकणाऱ्याची पावती त्या फाडू शकतात. पण नदीत सर्वांत जास्त घाण जाते ती गावांच्या आणि शहरांच्या गटारांतून. केंद्रीय मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशात नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे होते, त्यातले ५३ महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत जास्त. हरित लवादाने २०१९ मध्ये ठरवून टाकलं : शहराने सांडपाणी केंद्र वेळेत बांधलं नाही तर दर नाल्यामागे, दर केंद्रामागे महिन्याला लाखांचा दंड.

मामा : थांब. आता तू माह्या घरात घुसली. ग्रामपंचायतीले, नगरपालिकेले दंड म्हणजे कोनाले? सरपंचाच्या खिशाले? नाई. माह्या घरपट्टीले! मेळघाटात पाचडोंगरी-कोयलारीचं काय झालं आठवते? २०२२ च्या पावसाळ्यात?

भाची : आठवतं. उघड्या विहिरीचं पाणी, अतिसार, मृत्यू.

मामा : काहून प्याले ते उघड्या इहिरीचं? ग्रामपंचायतीचं वीजबिल थकलं, जोडणी तोडली, नळाची मोटर बंद पडली. लोकायनं दुसरं काय करायचं? पैसा नसला म्हून पानी गेलं. आन् तू त्याच पंचायतीवर दंड लाव म्हणते? मंग बिल कोन भरन? टीसीएल कोन आनन? आमच्याकडं कधी कधी पावडरचं पोतं महिनाभर येत नव्हतं, तवा मीच पदरचे पैसे घालून आनत होतो.

दोघंही थोडा वेळ गप्प राहिले. चहा येऊन निवून गेला होता. हा वाद कारखान्याचा होता तोवर सोपा होता. तिथे एक सोडणारा आणि एक भोगणारा. गावाच्या गटारात दोन्ही एकच असतात. दंड लावणारं सरकार, दंड भरणारी पालिका आणि दंडाचा पैसा ज्याच्याकडून निघतो तो करदाता, तिघं एका साखळीत. यावर कायद्याने शोधलेलं उत्तर भाचीला ठाऊक होतं, पण ते पुरेसं आहे का, याची तिला खात्री नव्हती.

भाची : ८ सप्टेंबर २०२२ ला हरित लवादाने महाराष्ट्र सरकारवरच भरपाई बसवली. सांडपाणी आणि घनकचरा हाताळण्यात कमी पडल्याबद्दल सुमारे १२,००० कोटी. शुद्ध न होणाऱ्या सांडपाण्याच्या दर दशलक्ष लिटरमागे २ कोटी या हिशेबाने. आणि सांगितलं, हा पैसा वेगळ्या खात्यात ठेवा, दुसरीकडे वळवू नका, त्यातून केंद्रं बांधा, नाले दुरुस्त करा.

मामा : म्हणजे सरकारनं एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात टाकायचं.

भाची : हो. पण दुसऱ्या खिशाचं तोंड शिवलेलं. त्यातून फक्त नाल्यासाठीच निघू शकतं. बजेटमध्ये सांडपाणी कायम शेवटी येतं. रस्ता दिसतो, चौकातलं कारंजं दिसतं, जमिनीखालचा पाइप दिसत नाही. दंडाने काय होतं, तर तोच पैसा अडकवून ठेवता येतो.

मामा : अडकला तर. आन् अकोल्याची मोर्णा? तिथं तर दंडाबिगर काम झालं. २०१८ च्या जानेवारीत कलेक्टरनं हाक देली, हजारो लोक नदीत उतरले, जलकुंभी काढली. पंतप्रधानानं रेडिओवर नाव घेतलं. माह्या मते असंच पायजे. दंडानं माणूस लपते, कामानं पुढं येते.

भाची : आणि नंतर जलकुंभी परत आली.

मामा : ... आली.

भाची : कारण जलकुंभीचं खाणं गटारातून येत राहिलं. श्रमदानाने वरचं हिरवं निघतं, खालचा पाइप निघत नाही. मोर्णेत उतरलेल्यांना मी नमस्कार करते. पण त्यांनी शनिवार दिले. पाइपाने बाकीचे सगळे वार घेतले. तारापूरचे मच्छीमार वेगळ्या वाटेने गेले. अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ मध्ये हरित लवादात गेली, कारखान्यांचं सांडपाणी खाडीत जातं म्हणून. वर्षं लागली, पण शेवटी भरपाईची रक्कम शंभर कोटींच्या पुढे गेली.

मामा : मच्छीमारांच्या हातात किती आले?

भाची : तो प्रश्न मला विचारू नका, मामा. तोच तर कच्चा दुवा आहे. दंड ठरतो नदीच्या नावाने, भांडण चालतं वरच्या कोर्टात, आणि ज्याचं जाळं रिकामं आलं तो दारात बसून असतो. मला विचाराल तर दंडाचा मोठा हिस्सा त्याच नाल्यावर, त्याच गावात खर्च झाला पाहिजे, असं नियमातच लिहावं. ते होत नाही तोवर तुमचा टोलचा टोमणा मी ऐकून घेईन.

मामा उठून आत गेले. येताना त्यांच्या हातात कापडी पाठीची जाडजूड नोंदवही होती. ओटी तपासणीची वही. दर ओळीला तारीख, विहिरीचं किंवा नळाचं ठिकाण, क्लोरीन आढळला की नाही. ओळींच्या शेजारी, समासात, कधी निळ्या, कधी लाल पेनने लिहिलेलं होतं : 'नाला काळा.' 'नाला काळा, वास.' 'नाला काळा. गाई प्यायल्या नाहीत.'

मामा : हे पाह्य. कितीक वर्षं हायेत यात. तुह्या त्या सूत्रात दिवस घालायचे ना? घाल. मोज.

भाचीने पानं उलटली. मग वही मिटून मांडीवर ठेवली.

भाची : मोजता येणार नाहीत, मामा.

मामा : काहून?

भाची : सूत्रातले दिवस कुठून सुरू होतात ते ठरलंय. यंत्रणेला उल्लंघन आढळलं तो दिवस, किंवा तिने दिलेल्या आदेशाची मुदत संपली तो दिवस. तिथून मीटर सुरू. आणि सुधारणा झाल्याचं यंत्रणेने येऊन तपासलं की बंद.

मामा : म्हणजे नाला कधी काळा झाला, ते नाई. साहेबानं कधी पाह्यला, ते.

भाची : हो.

मामा : मंग हे सगयं फुकट गेलं.

भाची : दंडाच्या हिशेबाला फुकट. पण साहेबाला इथवर आणायला नाही. मंडळाला लेखी तक्रार द्यायची, या वहीच्या झेरॉक्स जोडायच्या आणि पोच घ्यायची. १९७४ च्या कायद्यात पुढे सामान्य माणसालाही साठ दिवसांची नोटीस देऊन स्वतः न्यायालयात जायची सोय आली, ती याचसाठी. तुम्ही सांगितलं त्या दिवसानंतर कुणाला 'आम्हाला माहीत नव्हतं' म्हणता येत नाही. साहेबाची तारीख आपण टाकू शकत नाही. पण तिच्या आधीची तारीख टाकू शकतो.

मामांनी चष्मा पुसला. ओसरीवरच्या पेटीतून कोरा कागद काढला. वळणदार, नोंदवहीतल्या अक्षरात त्यांनी वर उजव्या कोपऱ्यात आजची तारीख टाकली. खाली पहिली ओळ लिहिली : कारखान्याच्या मागच्या बाजूने नाल्यात उतरणारा पाइप, अमुक गट नंबरच्या बांधापाशी.

मग त्यांचा हात थांबला.

भाची : झालं?

मामा : नाई. पाइपाच्या वर, शाळेमागून, आपल्या गावाचंही गटार पडते त्याच नाल्यात. कधीपासून पडते ते या वहीत नाई. मी लिहिलंच नाई कधी. आपल्याच पंचायतीचं, आपल्याच मानसायचं. लिहून मी कोनाचं वाईट करू, असं वाटे.

भाची : आता लिहिलं नाही तरी चालेल. वाद कारखान्याचाच ठेवू. सोपा जाईल.

मामा : आन् तो साहेब आला, त्यानं शाळेमागचं गटार पाह्यलं, आन् म्हटलं, घाण तुमचीच हाये, कारखान्याले काय म्हून बोलता? मंग? आन् तू म्हटलं ना, खिशाचं तोंड शिवायचं. आपल्या पंचायतीले दंड बसला, तर तो आपल्याच गटाराले लागला पायजे, तेवढं खाली लिहून दे तुह्या वकिली भाषेत.

त्यांनी दुसरी ओळ लिहिली. पहिलीपेक्षा हळू, पण तितक्याच स्वच्छ अक्षरात. मग कागद भाचीकडे सरकवला.

मामा : अकोल्याले जाशीन तवा पोच दोन्हींची आनजो.